निष्कर्ष तपासताना वेन आकृती बरी की व्याप्तीचे नियम?

सरकारी नोकरीच्या परीक्षेत दोन विधाने देऊन त्यांवरून कोणता निष्कर्ष निघतो असे विचारतात, तेव्हा तो तपासण्याचे दोन मार्ग असतात: वेन आकृती (प्रत्येक गटासाठी एकमेकांना छेदणारे एकेक वर्तुळ) काढणे किंवा पदांच्या व्याप्तीचे नियम लावणे. विधान ज्या पदातल्या सगळ्याच वस्तूंबद्दल बोलते ते पद व्याप्त, नाहीतर अव्याप्त. फोंड्यात माझ्याकडे शिकणारी मुले विचारतात, की एकच नीट शिकायचा असेल तर कोणता? मी वेन आकृती सुचवतो, आणि त्याचे कारण वन्यजीव संरक्षणाच्या विधानांवरून दाखवतो.

‘सर्व राष्ट्रीय उद्याने संरक्षित क्षेत्रे आहेत; सर्व अभयारण्ये संरक्षित क्षेत्रे आहेत; म्हणून काही अभयारण्ये राष्ट्रीय उद्याने आहेत.’ मोले येथे राष्ट्रीय उद्यान आणि भगवान महावीर अभयारण्य एकमेकांना लागून असल्यामुळे गोव्यातील विद्यार्थ्याला हे चटकन पटते. पण डोळ्यांनी पाहिलेले मोले उत्तरात आणायचे नसते. इथे नियम अधिक वेगवान ठरतात. होकारार्थी विधानाचे विधेय, म्हणजे उद्देश्याबद्दल जे सांगितले ते पद, अव्याप्त असते; दोन्ही विधानांना जोडणारे मध्यपद निदान एकदा तरी व्याप्त असावे लागते, आणि ‘संरक्षित क्षेत्रे’ हे मध्यपद दोन्हीकडे विधेयस्थानीच असल्यामुळे निष्कर्ष एका नजरेत बाद होतो. आकृतीला तीन वर्तुळे काढावी लागतात.

तरीही नियमांची खरी अडचण पुढच्या प्रकारात दिसते. २४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई अभयारण्य आणि लगतची क्षेत्रे तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. जिथे जानेवारी २०२० मध्ये चार वाघ मृतावस्थेत सापडले होते, त्या म्हादईत वाघ होते. पण आदेशाच्या दिवशी गोव्यात एकही व्याघ्र प्रकल्प नव्हता. आता त्या दिवसापुरती ही विधाने घ्या: ‘गोव्यातील सर्व व्याघ्र प्रकल्प गोव्यातील संरक्षित क्षेत्रे आहेत, गोव्यातील सर्व व्याघ्र प्रकल्प अधिसूचित झालेले व्याघ्र प्रकल्प आहेत, म्हणून गोव्यातील काही संरक्षित क्षेत्रे अधिसूचित झालेले व्याघ्र प्रकल्प आहेत.’ मध्यपद व्याप्त आहे, त्यामुळे व्याप्तीचे पारंपरिक नियम याला बाद ठरवत नाहीत. निष्कर्ष मात्र खोटा होता. वेन आकृतीत ‘सर्व’ विधानाने फक्त रिकामा भाग छायांकित होतो, आणि ‘काही’ म्हणायला लागणारी फुली, म्हणजे वस्तू असल्याची खूण, कुठेच पडत नाही. ‘सर्व’ म्हणताना वस्तू अस्तित्वात आहेच असे धरून चालणे, ही चूक आकृतीत समोर दिसते. नियमांत ती टाळायला एक वेगळा नियम पाठ करावा लागतो. एवढी अट लक्षात ठेवणाऱ्याने आणि प्रश्न पटापट सोडवायचे असणाऱ्याने नियम खुशाल निवडावेत. पदे तीनांपेक्षा जास्त झाली की वर्तुळांचा गुंता होतो, तेव्हाही नियमच सोयीचे.

‘जर–तर’ विधानांना मात्र दोन्ही पद्धती सरळ लावता येत नाहीत. ‘पट्टेरी वाघाचे ठसे असतील तर वाघ इथून गेला आहे’ यावरून ‘ठसे नाहीत, म्हणून वाघ गेला नाही’ असे निघत नाही. जांभ्या दगडावर ठसे उमटतच नाहीत.