नेपरव्हिलमध्ये घर बघताय? २०३ की २०४

शिकागोच्या पश्चिमेला घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबाची गाडी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडते. गाव नेपरव्हिल ठरलेलं असतं, बजेट ठरलेलं असतं. फक्त एका घराच्या जाहिरातीत डिस्ट्रिक्ट २०३ लिहिलेलं असतं आणि दुसऱ्याच्या जाहिरातीत इंडियन प्रेअरी २०४. हे सरकारी शाळांचे दोन डिस्ट्रिक्ट, म्हणजे विभाग. घर ज्याच्या हद्दीत, मुलं त्याच्याच शाळांत जातात. आम्ही दोन्हीकडे राहिलो आहोत. आधी भाड्याने २०४ मध्ये, नंतर घर घेतलं ते २०३ मध्ये. म्हणून हे लिहितो आहे.

परीक्षांचे निकाल, एपीचे (हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे) विषय, कॉलेज प्रवेश यांत मी शिरत नाही. दोन्हीकडे ते उत्तम आहे, आणि त्यावरून घर ठरवावं इतका फरक मला तरी दिसला नाही. मूल गणित-विज्ञानात फारच पुढे असेल तर ऑरोरातली इलिनॉय मॅथेमॅटिक्स अँड सायन्स अकॅडमी आहेच. दहावी ते बारावीची ही निवासी सरकारी शाळा १९८६ पासून राज्यभरातली मुलं निवडून घेते. घर २०३ मध्ये की २०४ मध्ये, याचा तिथे संबंध नाही.

२०४ची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. पंचवीस हजारांच्या वर विद्यार्थी, एकवीस प्राथमिक शाळा, सात मिडल स्कूल आणि तीन हायस्कूल: वॉबॉन्सी व्हॅली, नेक्वा व्हॅली, मेटिया व्हॅली. शेतजमिनींवर सबडिव्हिजन, म्हणजे नव्या घरांच्या वसाहती, उभ्या राहत गेल्या तसा हा डिस्ट्रिक्ट वाढला, त्यामुळे घरं नवी, मोठी, कोठीघर आणि कपाटांना भरपूर जागा असलेली. त्याच पैशांत २०३च्या जुन्या भागात साठ-सत्तरच्या दशकातलं घर मिळतं आणि पहिल्याच वर्षी खिडक्या बदलाव्या लागतात. नेक्वाच्या संगीत विभागाला ग्रॅमी फाउंडेशनने राष्ट्रीय पातळीवर गौरवलं आहे. मूल व्हायोलिन किंवा ट्रम्पेट घेऊन बसणारं असेल, तर ही गोष्ट माझ्या पुढच्या सगळ्या म्हणण्यापेक्षा वजनदार ठरू शकते.

दुसरी गोष्ट माणसांची. आमच्या भाड्याच्या घरासमोरच्या बसथांब्यावर सकाळी तेलुगू, गुजराती, मराठी सगळं ऐकू यायचं. सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या आईला संध्याकाळी फेरी मारायला दोन समवयस्क बायका आपोआप मिळाल्या. मुलीला डब्यात पोळीभाजी का, हे कुणाला समजावावं लागलं नाही. २०३ मध्येही भारतीय कुटुंबं आहेत, पण आमच्या गल्लीत ओळखी आम्हाला करून घ्याव्या लागल्या. महाराष्ट्र मंडळाची मराठी शाळा आणि गणपती यांना दोन्हीकडून गाडीनेच जायचं, तिथे बरोबरी. मराठीचा सरकारी उपयोगही आहे, तो बऱ्याच पालकांच्या लक्षात येत नाही. इलिनॉयमध्ये २०१३ पासून हायस्कूलच्या डिप्लोमावर द्विभाषिकतेची मोहोर (सील ऑफ बायलिटरसी) मिळण्याची सोय आहे आणि मराठीची मान्यताप्राप्त चाचणीही उपलब्ध आहे. कुठेही घर घ्या, नववीतच काउन्सेलरना याबद्दल विचारा.

२०४ बद्दल इतिहासातली एक गोष्ट माहीत असावी. तिसऱ्या हायस्कूलसाठी मतदारांनी २००६ मध्ये कर्जरोखे मंजूर केले. ठरवलेल्या जमिनीची किंमत न्यायालयात ज्युरीने एकरी पाच लाख डॉलरच्या वर नेली आणि डिस्ट्रिक्टला जागा बदलून ऑरोरातल्या इओला रोडकडे जावं लागलं. मेटिया २००९ मध्ये तिथे उघडली. या सगळ्यात कुठली वस्ती कुठल्या हायस्कूलला जाणार हे बदललं आणि पालकांमध्ये मोठी कटुता आली, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. वाढत्या डिस्ट्रिक्टला बाउंड्री हलवावीच लागते, त्यात कुणाचा दोष मी काढत नाही. मात्र केवळ अमुक हायस्कूल मिळावं म्हणून त्याच्या बाउंड्रीच्या अगदी कडेचं घर घेणार असाल, तर हे लक्षात ठेवून घ्या.

आता २०३. सोळा हजारांच्या आसपास विद्यार्थी, चौदा प्राथमिक शाळा, पाच ज्युनिअर हाय, आणि नेपरव्हिल सेंट्रल व नेपरव्हिल नॉर्थ ही दोन हायस्कूल. हा डिस्ट्रिक्ट पी.ई., म्हणजे शारीरिक शिक्षणासाठी देशभर ओळखला जातो. मॅडिसन ज्युनिअर हायचे शिक्षक फिल लॉलर यांनी मुलांच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारे पट्टे लावले आणि कोण किती वेगात धावलं याऐवजी कुणी किती जीव ओतला यावर गुण द्यायला सुरुवात केली. पुढे सेंट्रलमध्ये शाळेच्या पहिल्या तासाआधी व्यायामाचा ‘झीरो अवर’ आला. १९९९ च्या टिम्स या गणित-विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०३ने एखाद्या देशासारखा स्वतंत्र भाग घेतला, तेव्हा इथली आठवीची मुलं विज्ञानात पहिली आणि गणितात सहावी आली. व्यायामामुळेच आली असं मी म्हणणार नाही. सुशिक्षित, खात्यापित्या घरांचं गाव आहे हे. पण माझी मुलगी, जी पळण्याचं नाव काढलं की पोटदुखी काढायची, ती इथे आल्यावर स्वतःच्या ठोक्यांचे आकडे जेवताना सांगू लागली. एवढा पुरावा मला पुरला.

तरीही आमचा निर्णय पी.ई.वर झाला नाही. तो झाला रूट ५९ वर.

हा रस्ता नेपरव्हिलच्या पश्चिम भागातून उत्तर-दक्षिण जातो. मेट्राचं (शिकागोच्या लोकल रेल्वेचं) रूट ५९ स्टेशन, मॉल ऑफ इंडिया, सगळी मोठी दुकानं त्याच्यावर किंवा लगत. २०४चा बराचसा संसार या रस्त्याच्या आजूबाजूला आहे. सकाळी शाळेची बस असते, इलिनॉयच्या कायद्याने दीड मैल किंवा त्याहून लांब राहणाऱ्या मुलांना ती मोफत मिळते, त्यामुळे सकाळ निभते. प्रश्न दुपारनंतरचा आहे. मिडल स्कूलपासून पुढे मुलाचं अर्धं शिक्षण शाळा सुटल्यावर होतं: ऑर्केस्ट्रा, रोबोटिक्स, सायन्स ऑलिम्पियाड, नाटकाची तालीम. ते साडेचारला, पाचला, कधी सहाला संपतं. त्याच वेळी मेट्राच्या गाड्या शिकागोहून माणसं उतरवतात आणि रूट ५९ वर सिग्नलमागे सिग्नल तुंबतो. जानेवारीत तेव्हा अंधार असतो, बर्फ असतो. आमच्या घरी दोघांपैकी एकाचा दिवस रोज साडेतीनलाच तुटायचा. मुलगी सातवीत गेली तरी मित्रमैत्रिणींकडे, ग्रंथालयात, कुठेही जायचं तर आईबाबांची गाडी हवी. लायसन्स मिळायला सोळा वर्षं पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे तोवर हे असंच.

मी ठाण्यात वाढलो. चौथीपासून शाळेत चालत गेलो, येताना वाचनालयात थांबलो, पावसात भिजून घरी आलो. आपल्या मुलीला बाकी सगळं मिळेल आणि ही मोकळीक मिळणार नाही, हे मला सारखं खुपायचं.

सेंट्रल हायस्कूल ऑरोरा अ‍ॅव्हेन्यूवर आहे. समोर सेंटेनियल बीच, बाजूने नदीकाठचा रिव्हरवॉक, आणि त्यावरून चालत गेलं की थोड्याच वेळात जेफरसन अ‍ॅव्हेन्यूवरचं निकल्स ग्रंथालय. तालीम संपली की मुलं तिकडे जातात, गृहपाठ करतात, भूक लागली तर डाउनटाउनमध्ये खातात. आम्ही घर असं घेतलं की मुलगी तिथून चालत येऊ शकते. स्टेशनहून घरी येताना मी कधीकधी तिला ग्रंथालयातच गाठतो आणि आम्ही बरोबर घरी येतो. आई-बाबा भारतातून आले की त्यांनाही याचा फायदा होतो. ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांना २०४च्या सबडिव्हिजनमध्ये सोबत मिळाली होती. इथे ग्रंथालय, बाक, नदी आणि कॉफी पायी अंतरावर मिळाली. बाबांना हे जास्त आवडलं, आईला ते.

हा फायदा सगळ्या २०३चा नाही, हेही सांगायला हवं. नॉर्थ हायस्कूल गावाच्या उत्तरेला आहे, तिथून डाउनटाउन सहज पायी जाण्यासारखं नाही. २०३च्या दक्षिणेकडच्या भागातूनही गाडी काढावीच लागते. दोघांपैकी एक जण घरी असेल किंवा दुपारी मोकळा असेल, मुलं लहान असतील आणि मोठं घर हवं असेल, तर २०४ घेऊन तुम्ही काही गमावणार नाही. दोघेही नोकरी करत असाल आणि मुलं पाचवीच्या पुढे असतील, तर मी आधी सेंट्रलच्या परिसरातली घरं बघेन, खोल्या एक-दोन कमी असल्या तरी.

घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. शाळा चालू असताना, हिवाळ्यातल्या कामाच्या दिवशी संध्याकाळी पाचला त्या हायस्कूलपासून त्या घरापर्यंत एकदा गाडी चालवून बघा. आणि पत्त्यात नेपरव्हिल आहे म्हणून डिस्ट्रिक्ट गृहीत धरू नका. गावाच्या दक्षिण टोकाची काही घरं प्लेनफिल्डच्या २०२ मध्ये मोडतात, आणि नेपरव्हिलबाहेर ऑरोरा, लाइल, बोलिंगब्रुकच्या पत्त्यांवरची काही घरं २०३ किंवा २०४ मध्ये येतात. प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर डिस्ट्रिक्टचं नाव छापलेलं असतं, आणि त्या बिलातला सगळ्यात मोठा वाटाही त्याचाच असतो. सही करण्याआधी विकणाऱ्याकडून ते बिल मागून घ्या, आणि त्या पत्त्याला कुठलं हायस्कूल आहे हे डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात फोन करून विचारा.