‘माउंट लूज झालाय मॅडम’: भाड्याची टेलिफोटो लेन्स आणि अडकलेलं डिपॉझिट

थंडी पडू लागली की पुण्यातल्या पक्षीवेड्यांना भिगवणचे वेध लागतात. उजनीच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) उतरल्याची खबर आली, की शनिवार-रविवारपुरती मोठी लेन्स भाड्याने कुठे मिळेल याची चौकशी सुरू होते. विकत घ्यायची तर गोष्ट लाखाच्या आसपास जाते. अधूनमधून लागणाऱ्या वस्तूत एवढे पैसे कोण अडकवणार? मीही भाड्यानेच घेतली. निकॉनची २००-५०० मिमी, भाडं दिवसाला ९०० रुपये, डिपॉझिट १५,००० रुपये. परत द्यायला गेले तेव्हा त्यातले ९,००० कापणार असं ऐकवलं. "माउंट लूज झालाय मॅडम. बॉडीच्या पट्ट्याला लटकवून फिरलात ना?" बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, आणि माउंट म्हणजे लेन्स त्याला जिथे जोडली जाते ती जागा.

दुकान पेठेतलं आहे. नाव देत नाही, कारण प्रकरण अजून पूर्ण मिटलेलं नाही. शिवाय ही युक्ती इतकी सोपी आहे की उद्या दुसरं कुणीही वापरेल.

युक्ती चालते, कारण तिच्यात निम्मं खरं आहे. ही लेन्स कॉलर, म्हणजे तिच्यावरचं कडं, धरून २.३ किलो भरते. माझी डी७५०० बॉडी बॅटरी आणि कार्ड धरून ७२० ग्रॅमच्या आसपास. बॉडीच्या दोन कड्यांना पट्टा लावून तो गळ्यात अडकवला, की ही सगळी लेन्स माउंटवर लोंबते आणि प्रत्येक पावलाला तिथे हिसका बसतो. निकॉनचा एफ माउंट १९५९ सालापासूनचा, आतला व्यास ४४ मिमी. लेन्सच्या मागचे तीन दाते त्यात फिरून बसतात, आतल्या स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात आणि एक छोटी खिट्टी लेन्सला फिरू देत नाही. एवढ्याशा जागेवर सव्वादोन किलोचे हेलकावे सतत दिले तर काहीतरी बिघडू शकतं, हे कुणीही जाणकार सांगेल. त्यामुळे दुकानदाराने ‘माउंट’ म्हटलं की गिऱ्हाईक मनातल्या मनात आठवायला लागतं, आपण कधी तशी लटकवली होती का? बहुतेकांनी कधी ना कधी लटकवलेली असतेच. मग पुढे वाद घालायला तोंड उरत नाही.

लेन्स घ्यायला गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने ती कॉलर काढूनच पुढे सरकवली. "कशाला हवी मॅडम? दोनशे ग्रॅम वजन वाचतं. आणि लोक हरवतात." कॉलर म्हणजे लेन्सच्या मध्यावर बसणारं कडं आणि त्याखालचा पाय. नावाला तो ट्रायपॉडसाठी असतो, पण जड लेन्स वाहून नेण्याची सगळी भिस्त त्या पायावरच असते. मी अडून बसले, तेव्हा शंभर रुपये जादा घेऊन त्याने ड्रॉवरमधून ती काढून दिली. कॉलर नसेल तर गिऱ्हाईक लेन्स बॉडीलाच लटकवणार आणि मागाहून होणारा आरोप त्याला नाकारता येणार नाही. हे मुद्दाम करत असतील, हा माझा तर्क. पण जी वस्तू हरवायची इतकी भीती, ती शंभर रुपयांत कशी मिळते?

पावती हाताने लिहिलेली होती. सिरीयल नंबर मी सांगून लिहायला लावला. पाठीमागे बारीक अक्षरात छापलेलं: ‘नुकसानीबाबत दुकानाचा निर्णय अंतिम राहील.’ डिपॉझिट यूपीआयने भरलं आणि नोंदीत ‘लेन्स भाडे, परतीचं डिपॉझिट’ असं टाकलं. मग काउंटरवरच मोबाइलवर व्हिडिओ काढला. पुढची काच, मागची काच, माउंट आणि त्याचे स्क्रू, कॉलर, सिरीयल नंबर. मुलगा वैतागला. वैतागू दे.

भिगवणला ती कशी नेली ते जरा सविस्तर सांगते, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच झाला. मैत्रिणीच्या गाडीतून गेलो. प्रवासात लेन्स आणि बॉडी वेगळी, दोघांना आपापली झाकणं, बॅगेच्या कप्प्यात नीट बसवून. काही जण जोडलेला कॅमेरा तसाच मागच्या सीटवर टाकतात. कुणी ब्रेक दाबला की तो खाली. दुचाकीवरून जाणार असाल तर बॅग पाठीवर घ्या, पायाशी ठेवू नका. तिथे खड्ड्यांचे सगळे दणके थेट लेन्सला बसतात.

भिगवणजवळच्या कुंभारगावला उतरल्यावर लेन्स जोडली. तिला झूम २०० वर अडकवायचं बटण असतं, ते लावलं. नाहीतर तोंड खाली करून चालताना नळी आपल्या वजनाने बाहेर सरकत जाते. पट्टा कॉलरच्या पायाला लावला, डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे आडवा. म्हणजे वजन लेन्सवरून थेट खांद्यावर येतं आणि माउंटला फक्त बॉडीचा भार राहतो. यात एक धोका आहे आणि माझ्या मते तो माउंटपेक्षा मोठा आहे. त्या पायात पट्ट्याचा पाव इंची स्क्रू बसतो. चालताना लेन्स कमरेपाशी गिरक्या घेत राहते आणि स्क्रू हळूहळू सुटत येतो. म्हणून येता-जाता बोटाने तो तपासायचा, आणि वर एक बारीक मजबूत दोरी बॉडीच्या कड्यातून पट्ट्याला बांधून ठेवायची. स्क्रू निसटलाच तर कॅमेरा दोरीला लोंबकळेल, दगडावर आपटणार नाही. हातात धरून न्यायचा असेल तर कॉलर फिरवून पाय वर आणायचा आणि तो मुठीत धरायचा. होडीत लेन्स मांडीवर, पट्टा मानेतून आणि एका हातातून. मैत्रिणीने माझे बरेच फोटो काढले. टोपी आणि गॉगलमध्ये मी कशी ध्यान दिसते म्हणून ते काढले होते, पण त्या सगळ्यांत पट्टा कॉलरला लावलेला स्पष्ट दिसतो.

परत द्यायला गेले तेव्हा काउंटरवर मालक होते. त्यांनी लेन्स दुकानातल्या एका जुन्या बॉडीला लावली आणि नारळ कानाशी धरून हलवावा तशी माझ्यासमोर हलवली. लेन्स केसभर इकडे-तिकडे फिरली, टक्-टक् आवाज आला. "ऐकलंत? प्ले आलाय. मुंबईला सर्व्हिसला पाठवावी लागेल. नऊ हजार."

हा टक्-टक् आवाज ओळखून ठेवा. खिट्टी ज्या खाचेत बसते तिथे थोडी मोकळी जागा असते, त्यामुळे चांगल्या लेन्ससुद्धा केसभर गोल हलतात. ते नुकसान नव्हे. मी बॅगेतून माझी स्वतःची लहान १८-१४० लेन्स काढली, त्यांच्याच बॉडीला लावली आणि हलवली. तोच आवाज. मालक जराही न अडखळता म्हणाले, "मग तुमचीही खराब झालीय."

माउंट खरोखर वाकला तर लक्षणं वेगळी दिसतात. लेन्स वर-खाली डुलते, लेन्स आणि बॉडीच्या मध्ये एका अंगाला फट दिसते, फोटोची एकच बाजू सतत धूसर येते. विजेच्या टोकांचा संपर्क तुटला तर कॅमेऱ्यावर लेन्सच्या छिद्राच्या (अ‍ॅपर्चरच्या) आकड्याच्या जागी नुसतं एफ आणि दोन रेघा येतात. घरी पारखायचं तर भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर पानाच्या अगदी समोर ठेवा, एफ ५.६ वर फोटो काढा आणि डाव्या-उजव्या कडेची अक्षरं मोठी करून पाहा. लेन्स परत द्यायला निघण्याआधी मी हेच केलं होतं. दोन्ही कडा स्वच्छ, तारीख-वेळ फाइलमध्येच नोंदलेली. मालकांना दाखवलं. "तुमच्या घरचा फोटो आम्ही कसा मानायचा?" भिगवणचे फोटो दाखवले. "फोटोपुरता लावला असेल पट्टा."

मग एक कागद पुढे आला: ‘वरील नुकसान मला मान्य आहे.’ सही केली तर उरलेले सहा हजार लगेच, नाही केली तर लेन्स मुंबईहून आल्यावर बघू. मी सही केली नाही. म्हणजे पंधराच्या पंधरा हजार त्यांच्याकडेच राहिले. बहुतेक लोक इथे सही करत असणार, आणि त्यांना तरी दोष कसा द्यावा? सहा हजार समोर दिसत असतात.

धागा सापडला तो पुण्याजवळच्या कवडी पाटला. रविवारी सकाळी चक्रवाक बदकं पाहायला बरीच मंडळी जमतात. तिथे मी हे रामायण सांगत होते, तेव्हा इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा म्हणाला, "काकू, माझे पण आठ हजार गेले. माउंट लूज म्हणूनच." त्याच्या मोबाइलमध्ये पावतीचा फोटो होता. माझ्याही होता. दोन्ही शेजारी धरले. सिरीयल नंबर एकच, तारीख त्याची आधीची. म्हणजे माझ्या हातात ‘एकदम क्लीन’ म्हणून दिलेली लेन्स त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे आधी एकदा बिघडली होती. तेव्हा दुरुस्त केली असेल तर बिल असणार. केली नसेल तर माझ्याकडून कशाचे पैसे?

ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ग्राहक पंचायतीचं काम १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यातच सुरू केलं. त्या चळवळीत उमेदीची वर्षं घालवलेले एक काका आमच्या सोसायटीत राहतात. ते म्हणाले, "दुकानात जाऊन भांडू नकोस, लेखी माग. आणि दोनच गोष्टी माग." या सिरीयल नंबरच्या लेन्सच्या आधीच्या दुरुस्तीचं बिल, आणि आताच्या दुरुस्तीचा सर्व्हिस सेंटरने दिलेला लेखी अंदाज. पत्र स्पीड पोस्टने पाठवलं, त्याचा फोटो मालकांच्या व्हॉट्सॲपवरही टाकला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. पावतीमागच्या त्या ‘अंतिम निर्णया’ला घाबरायचं कारण नाही, हेही काकांनीच समजावलं. प्रत्यक्ष नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारी अट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ या व्याख्येत बसते. भाड्याच्या रकमेएवढ्या लहान व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते. मला आयोगापर्यंत जावंच लागलं नाही. बिल आलं नाही, अंदाज आला नाही, एके दुपारी पंधरा हजार मात्र यूपीआयवर पूर्ण जमा झाले. सोबत एक शब्द नाही.

त्या मुलाचे आठ हजार अजून अडकलेले आहेत. त्याने डिपॉझिट रोखीने दिलं होतं आणि ‘मान्य आहे’वर सही केली होती, आणि मालक आता तोच कागद दाखवतात. त्यानेही १९१५ वर तक्रार केली आहे. माझी पावती, काउंटरवरचा व्हिडिओ आणि पूर्ण परत आलेल्या डिपॉझिटची नोंद मी त्याला जोडायला दिली. पेठेतल्या दुकानातून २००-५०० भाड्याने घेतल्यावर ‘माउंट लूज’ म्हणून कुणाचे पैसे कापले गेले असतील, तर जुनी पावती शोधा आणि तिच्यावर सिरीयल नंबर आहे का पाहा. त्याच नंबरची तिसरी पावती निघाली, तर त्या सहीच्या कागदाला फारसं वजन राहणार नाही.