बोट गेलं, तेव्हा कळलं ईएसआय काय आहे

भोसरीत पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर आहे मी. गेल्या पावसाळ्यात रात्रपाळीला डाव्या तर्जनीचं टोकाचं पेर डायखाली, म्हणजे मशीनच्या साच्याखाली गेलं. त्याआधी ईएसआयसाठी, म्हणजे सरकारी कामगार विम्यासाठी पगारातून कापले जाणारे 0.75 टक्के मला खटकायचे. मालक 3.25 टक्के भरतो, हेही माहीत नव्हतं.

ऑपरेशन, ड्रेसिंग, औषधं, कशालाच खिशात हात घालावा लागला नाही. कामावर नव्हतो त्या दिवसांचे रोजाच्या 90 टक्के पैसे थेट खात्यात आले.

पण एक गोष्ट जीव तोडून सांगतो. सुपरवायझर म्हणाला, ‘घरी लागलं असं सांग, लफडं नको.’ मी तयारही झालो होतो. बायकोनं अडवलं. घरी लागलं म्हटलं आणि आजारपण म्हणून नोंद झाली तर 70 टक्केच मिळतात, आणि तेही ठरावीक दिवस हप्ता भरलेला असेल तरच. कामावरच्या अपघाताला ती अट नाही, कालच लागलेल्या पोरालाही हक्क आहे. शिवाय कायमच्या अपंगत्वाचा दावा कामावरच्या अपघाताच्या नोंदीवरच उभा राहतो. तर्जनीचं एक पेर म्हणजे कमाईची क्षमता 9 टक्के कमी, असं कायद्याच्या तक्त्यातच लिहिलंय. त्याचे पैसे महिन्याला थोडेच बसतात, पण जन्मभर.

अपंगत्व किती ते ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डाला वेळ लागतो. अपघात-अहवालाची प्रत मागून घ्या, साक्षीदाराचं नाव त्यात आहे ना बघा. माझ्या शेजारच्या मशीनवरच्यानं न घाबरता सही केली, म्हणून माझं काम झालं.