परिमितीवरून बाजू काढताना एक चल घ्यावा की दोन?

एकचल समीकरणे आठवीत येतात, दोन चलांची नववी-दहावीत. त्यामुळे परिमिती देऊन त्रिकोणाच्या बाजू विचारल्या की दहावीची मुले सरसकट क्ष आणि य मांडून मोकळी होतात. बऱ्याचदा ते अंगावर ओढवून घेतलेले काम असते.

मुंबईत तिठ्यावर असते तसे तिकोनी वाहतूक बेट घ्या. कडेने ५४ मीटर कठडा. दुसरी बाजू पहिलीपेक्षा ४ मीटरने जास्त, तिसरी पहिलीच्या दुपटीपेक्षा १० मीटरने कमी. दोन्ही अटी पहिल्या बाजूवर टेकलेल्या, म्हणून क्ष तीच. क्ष + (क्ष + ४) + (२क्ष − १०) = ५४, म्हणजे ४क्ष = ६०. बाजू १५, १९ आणि २० मीटर. इथे दुसरे अक्षर आणण्यात काही हशील नाही.

गडबड होते ती अट मांडताना. ‘दुपटीपेक्षा १० ने कमी’ याचे २(क्ष − १०) केले, तर बाजू येतात १७.५, २१.५ आणि १५. बेरीज पुन्हा ५४च! म्हणून नुसत्या परिमितीचा ताळा पुरत नाही, प्रत्येक अटीत बाजू घालून पाहायच्या. १७.५ ची दुप्पट ३५, त्यातून १० गेले, उरले २५. आणि आपली तिसरी बाजू १५. चूक इथे पकडली जाते.

दोन चल शोभतात ते अटीत दोन्ही बाजूंच्या पटी असतील तेव्हा. समजा समद्विभुज त्रिकोणाची परिमिती ५० सेमी आहे आणि समान बाजूची तिप्पट पायाच्या दुपटीपेक्षा ५ सेमीने जास्त आहे. मग २क्ष + य = ५० आणि ३क्ष − २य = ५. पहिल्याला २ ने गुणून दोन्हींची बेरीज केली की ७क्ष = १०५; समान बाजू १५, पाया २०.

हेच एका चलात करायचे तर पाया ५० − २क्ष. एक समीकरण वाचते, पण ३क्ष − २(५० − २क्ष) = ५ यातला कंस सोडताना +४क्ष ऐवजी −४क्ष लिहिले जाते आणि क्ष = −१०५ निघतो. उणे लांबी निदान लगेच डोळ्यांत खुपते. दुसरी फसगत अशी, की पाया काढताना परिमिती वापरून झालेली असते; तीच पुन्हा मांडली तर ५० = ५० एवढेच हाती लागते.

गुणोत्तर दिले असेल तर हा प्रश्नच नाही. ४ : ५ : ६ आणि परिमिती ६० असेल, तर ६० ÷ १५ = ४; बाजू १६, २०, २४. मात्र २ : ३ : ५ आणि ४० यांतून ८, १२, २० मिळतात. समीकरण बिनचूक, पण ८ + १२ = २०, म्हणजे त्रिकोण होतच नाही; तिन्ही बिंदू एका रेषेत येतात.

शिष्यवृत्तीसारख्या बहुपर्यायी परीक्षेत मात्र समीकरण मांडत बसू नका. पर्याय अटीत घालून बघा, आधी परिमितीत नव्हे.