‘वॉटरप्रूफ’ साइडलॉकच्या नावाखाली झालेली फसवणूक

ज्यांच्याकडे जुन्या पद्धतीची साइडलॉक दुनळी (बार उडवणारी यंत्रणा, म्हणजे ‘लॉक’, बाजूच्या पाट्यांवर असलेली दोन नळ्यांची बंदूक) आहे, त्यांनी हे जरूर वाचावं. बंदुकीला पावसापासून कायमचं संरक्षण देतो असं सांगून एका दुरुस्तीवाल्याने माझ्याकडून पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे घेतले आणि बंदूक आधीपेक्षा वाईट करून परत दिली. ती वरून इतकी चकचकीत होती की आत काय झालंय याचा संशय कोणालाही आला नसता.

पावतीवर त्याने तीन कामं लिहून दिली होती : दोन्ही लॉक उघडून साफ करणं, नळ्यांना नवा काळा रंग आणि दस्त्याला वॉटरप्रूफ लेप. “एकदा हे झालं की भर पावसात न्या, फडक्याने पुसून ठेवली की झालं,” असं तो छातीठोकपणे म्हणाला होता. हे वाक्य कोणी तुम्हाला ऐकवलं तर बंदूक तिथे ठेवू नका, कारण साइडलॉकच्या बाबतीत ते शक्यच नाही.

साइडलॉकमध्ये घोडा, सिअर (घोडा अडवून धरणारा खटका), मुख्य स्प्रिंग हे सगळं एका पोलादी पाटीच्या आतल्या अंगाला बसवलेलं असतं आणि ती पाटी दस्त्याच्या लाकडात कोरलेल्या खाचेत बसते. बॉक्सलॉक या दुसऱ्या प्रकारात यंत्रणा पोलादी ठोकळ्याच्या पोटात असते, इथे मात्र ती लाकडाला लागून असते. पाटी आणि लाकूड यांच्या सांध्यातून, सेफ्टीच्या फटीतून, वरच्या लिव्हरखालून पाणी आत झिरपतं आणि त्या खाचेत अडकून राहतं. बाहेरून कोरडी ठाक दिसणारी बंदूक आतून ओली असू शकते. कुठलाही लेप ही वाट बंद करत नाही.

पुढे सेफ्टी अडखळायला लागली, म्हणून मी दुसऱ्या एका जाणत्या कारागिराकडे गेलो. त्याने माझ्यासमोर लॉक उतरवलं. स्क्रूभोवती जुन्या तेलाचं तपकिरी कडं जसंच्या तसं होतं, म्हणजे तो स्क्रू कोणी फिरवलाच नव्हता! आत वाळून चिकट झालेलं तेल, त्यात लाकडाचा भुसा आणि मुख्य स्प्रिंगवर गंजाचे टिपके. असा टिपका खोल गेला की स्प्रिंग तिथेच तडकते. सर्वांत जास्त संताप आला तो दुसऱ्या सिअरची अवस्था पाहून. धक्क्याने घोडा निसटलाच तर त्याला अडवणारा हा भाग त्या चिकट तेलात जवळपास जाम झाला होता. लॉक साफ केल्याचे पैसे ज्याने घेतले, त्याने माझ्या आणि शेजारी उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाशी खेळ केला होता.

नळ्यांचं नुकसान तर त्याहून मोठं. अशा दुनळीच्या दोन नळ्या आणि मधल्या पट्ट्या शिसं-कथलाच्या डागाने (सोल्डरने) जोडलेल्या असतात. त्यांना काळा रंग देण्याची योग्य रीत संथ आहे : हलका गंज चढवायचा, नळ्या पाण्यात उकळायच्या, घासायच्या आणि रंग गडद होईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करायचं. याला दिवसच्या दिवस लागतात. त्या माणसाने नळ्या कॉस्टिकच्या उकळत्या द्रावणात बुडवल्या होत्या. ते काम झटपट होतं, रंगही झळझळीत येतो, पण कॉस्टिक हा सोल्डरचा डाग खातं आणि पट्टीखाली शिरलेले क्षार धुऊन निघत नाहीत. थोड्याच काळात पट्टीच्या कडेने पांढरट पूड आणि गंजाचे ओघळ बाहेर यायला लागले. सुट्या नळ्या हुकाला टांगून लाकडी दांडीने हलकेच वाजवल्या, तर स्वच्छ नाद घुमायला हवा. माझ्या नळ्या फुटक्या भांड्यासारख्या वाजल्या.

पॉलिशच्या चाकाने पाटीवरचं बारीक कोरीवकामही बोथट झालंय. ते परत येणार नाही. नळ्यांवरही तेच चाक फिरलं असणार, म्हणून भिंतीची जाडी मोजून घेतली. बारा बोअरला २० थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, ही ब्रिटिश कारागीर किमान धरतात. सुदैवाने माझ्या नळ्या त्याच्या वर आहेत. दस्त्यावर तेलाऐवजी जाड वॉर्निश फासलं होतं. त्याला चीर पडली की पाणी खाली शिरतं आणि बाहेर पडत नाही. जवसाच्या तेलाचा पातळ हात केव्हाही दुरुस्त करता येतो, वॉर्निश खरवडूनच काढावं लागतं.

काम देताना स्पष्ट विचारा : लॉक माझ्यासमोर उतरवाल का? उघडलेल्या लॉकचा आधीचा आणि नंतरचा फोटो द्याल का? नळ्यांचा रंग कोणत्या पद्धतीने कराल? प्रामाणिक कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. हॉलंड अँड हॉलंडने १९०८ च्या सुमारास आणलेली, हाताने सुटणारी लॉक ज्यांच्या बंदुकीला आहेत, त्यांना हे स्वतःच तपासता येईल. बाकीच्यांनी स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसणारा टर्नस्क्रू (बंदूककामाचा स्क्रूड्रायव्हर) आणि सराव नसेल तर हात घालू नये.

आणि भिजल्यावर करायचं ते एवढंच. बंदूक रिकामी आहे ना हे पाहून सुटी करा. पट्ट्यांच्या कडा आणि पाटीचा सांधा सुती कापडाने टिपून घ्या. हीटरजवळ न नेता खोलीच्या साध्या उबेत वाळू द्या. नंतर धातूवर अगदी पातळ तेल. ओल्या कव्हरमध्ये कधीही ठेवू नका. पूर्ण वाळेपर्यंत नळीचं तोंड खाली ठेवलं तर तेल उतरून दस्त्याच्या लाकडात मुरत नाही. चांगलीच भिजली असेल तर लॉक लवकर उघडून घ्या, हंगाम संपायची वाट पाहू नका.

त्या दुरुस्तीवाल्याने पैसे परत द्यायला नकार दिला आहे. “गंज नंतर आला असेल,” असं तो म्हणतो. स्क्रूभोवतीच्या त्या न हललेल्या तेलाच्या कड्याचा फोटो आणि त्याचीच पावती जोडून मी लेखी तक्रार दिली आहे. पट्ट्या नव्याने बसवायचं काम दुसऱ्या कारागिराकडे सुरू आहे.