टेम्प्लेट ठेवायचं कुठे: गॅलरी, गिट की सीटॅन?

लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत प्रबंधाचं टेम्प्लेट मनासारखं जमलं की ते इतरांनाही द्यावंसं वाटतं. माझं मी तिन्हीकडे ठेवून पाहिलं: आधी एका ऑनलाइन संपादकाच्या गॅलरीत, मग सार्वजनिक गिट रेपोत, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात, आणि शेवटी सीटॅनवर, म्हणजे लाटेकच्या पॅकेजेसच्या मध्यवर्ती ऑनलाइन संग्रहात.

गॅलरीइतकं सोपं काही नाही. बटण दाबलं की नवा प्रकल्प तयार, पीडीएफ समोर. माझं टेम्प्लेट सर्वांत जास्त तिथूनच उचललं गेलं असावं, निदान येणाऱ्या मेलवरून तरी तसं वाटायचं.

त्या मेलनीच माझं मत फिरवलं. लाटेकच्या नेहमीच्या क्लासमध्ये, म्हणजे मांडणी ठरवणाऱ्या फाइलमध्ये, अनुक्रमणिकेतल्या पृष्ठांकाला १.५५ एम (अक्षराच्या आकारावर ठरणारं माप) रुंदी मिळते. तीन आकडी पानाला ती जेमतेम पुरते. मी सुरुवातीच्या पानांना रोमन अंक दिले होते. रोमन अठ्ठावीसला सहा अक्षरं लागतात, त्यामुळे टिंबांची रांग संपली की अंक थेट उजव्या समासात घुसायचा. चूक माझीच. एका ओळीत दुरुस्तही केली. पण गॅलरीतून घेतलेली प्रत म्हणजे झेरॉक्स. मूळ कागदावर खाडाखोड केली तरी ती होती तशीच. दुरुस्तीनंतरही तीच तक्रार येत राहिली आणि मी तेच उत्तर चिकटवत राहिलो.

गिटवर बदलांचा इतिहास दिसतो, तक्रारी एका जागी राहतात. काम करायला मला तेच आवडतं. पण बहुतेक जण झिप उतरवून क्लास फाइल प्रबंधाशेजारी ठेवतात, म्हणजे पुन्हा झेरॉक्सच. गिट रेपो ठेवायच्या गिटहब या साइटवरच्या टेम्प्लेट बटणाने केलेल्या रेपोतही मूळचा इतिहास येत नाही, त्यामुळे पुढचे बदल सहज ओढता येत नाहीत.

सीटॅन सुरुवातीला कटकटीचं वाटतं. आधी कुणी न घेतलेलं नाव, रीडमी, पीडीएफ माहितीपत्रक, परवाना, सगळं हवं. आलेला गठ्ठा स्वयंसेवक तपासतात. परवान्याबाबत मी क्लासला एलपीपीएल हा लाटेकचा स्वतःचा परवाना लावला, म्हणजे बदललेली प्रत बदललेली म्हणून ओळखू येते. नमुना मजकूर मात्र सीसी-झिरोखाली, म्हणजे हक्क सोडून, मोकळा सोडला; कुणाच्या प्रबंधावर माझा परवाना कशाला? तिथून पॅकेज टेक लाइव्ह आणि मिकटेक या लाटेकच्या तयार संचांमध्ये गेलं की दुरुस्ती नेहमीच्या अपडेटबरोबर पोचते. अर्थात, जुनी क्लास फाइल फोल्डरमध्ये पडून असेल तर लाटेक आधी तीच उचलतं.

एखाद्या कार्यशाळेपुरता चार पानी नमुना द्यायचा असेल तर गॅलरी पुरे. त्यासाठी सीटॅनचा खटाटोप मीही करणार नाही. वर्षानुवर्षं वापरात राहणाऱ्या क्लासला मात्र मी आता दुसरीकडे ठेवत नाही. गॅलरीत फक्त नमुना ठेवलाय, क्लास फाइल काढून टाकली.

तरी अधूनमधून समासात घुसलेल्या अंकाचं चित्र येतंच. मी लॉग, म्हणजे लाटेक चालताना लिहिते ती नोंदफाइल, मागवतो. क्लासच्या नावापुढे तारीख असते पहिल्या आवृत्तीची.