स्ट्रिंग एस्केप करणारं स्वतःचं फंक्शन, आठ महिने वापरल्यावर

गेले आठ महिने सी भाषेतलं एकच छोटं फंक्शन रोज वापरतोय. कुठल्याही बाइट्स दिल्या की त्या स्ट्रिंग लिटरलमध्ये (कोडमध्ये दुहेरी कोट्समध्ये लिहिलेल्या मजकुरात) सरळ टाकता येतील अशा एस्केप करून देतं, म्हणजे अडचणीच्या बाइट्सच्या जागी बॅकस्लॅशने सुरू होणारा कोड लिहितं. फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) बिल्डमध्ये टेक्स्ट फाइलमधून सोर्स फाइल बनवायला आणि सिरियल पोर्टवर लॉग काढायला, दोन्हीकडे तेच. पहिल्या महिन्यातच अनुभव लिहिणार होतो, थांबलो ते बरं झालं, कारण तेव्हाचं फंक्शन चुकीचं होतं आणि मला पत्ताच नव्हता.

झालं असं की सुरुवातीला मी हेक्स एस्केप वापरत होतो, बॅकस्लॅश एक्स आणि पुढे दोन हेक्स आकडे (सोळाच्या पटीतले, ० ते ९ आणि ए ते एफ), दिसायला एकदम स्वच्छ. सगळ्या टेस्ट पास, मायक्रोमीटरचं µm सुद्धा नीट आलं. मग डिस्प्लेवर तापमान दाखवायची वेळ आली आणि °C च्या जागी कचरा, वर सी अक्षर गायब! अर्धा दिवस फॉन्टच्या मागे लागलो. खरं कारण हे की यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइट्समध्ये साठवायची पद्धत) ° च्या दोन बाइट्स असतात, १९४ आणि १७६, आणि हेक्स एस्केपला लांबीची मर्यादाच नाही, पुढे जोपर्यंत हेक्स आकडा दिसतोय तोपर्यंत कंपायलर तो गिळत जातो. सी हा हेक्स आकडाच, म्हणून तोही बी-झिरोच्या (हेक्समधल्या १७६ च्या) शेपटीला चिकटला, आणि आमच्या कंपायलरने वरचा भाग कापून १२ नंबरची बाइट ठेवली, म्हणजे फॉर्म फीड, एक न दिसणारं कंट्रोल कॅरेक्टर. फॅरनहाइट असतं तरी हेच, एफ पण हेक्समध्ये येतो. µ च्या पुढचा एम येत नाही म्हणून ते वाचलं. वॉर्निंग आली होती बरं का, पण बिल्डच्या शेकडो ओळींत वाहून गेली.

त्या दिवसापासून ऑक्टल (आठच्या पटीतले आकडे), आणि कायम पूर्ण तीन आकडे. ऑक्टल एस्केप तीन आकड्यांच्या पुढे जातच नाही, त्यामुळे ३०२, २६० (ऑक्टलमध्ये १९४ आणि १७६) आणि मग सी, प्रत्येक जण आपापल्या जागी. लिटरल मध्येच बंद करून लगेच दुसरं उघडलं तरी हेक्सचा प्रश्न सुटतो, पण जनरेट केलेल्या कोडमध्ये ते वाचवत नाही.

दुसरा फटका साइनचा. पीसीवर आमचा कॅर (सी मधला एका बाइटचा प्रकार) साइन्ड, म्हणजे निगेटिव्हही होऊ शकणारा, एआरएम बोर्डवर अनसाइन्ड. बोर्डवर नीट चालणारा कोड पीसीवर ३०२ ऐवजी ३७७७७७७७७०२ छापायला लागला. आधी अनसाइन्ड कॅरमध्ये कास्ट करायचं, मगच प्रिंटएफ (छापणारं फंक्शन) किंवा इझप्रिंटकडे (कॅरेक्टर छापण्याजोगं आहे का ते सांगणारं) द्यायचं, इझप्रिंटला निगेटिव्ह कॅर देणं तर सरळ अनडिफाइन्ड बिहेवियर आहे, म्हणजे काय होईल याची सी भाषा हमीच देत नाही. लांबीही मी वेगळी पास करतो, कारण डेटात मध्येच शून्य बाइट आली की लांबी मोजणारं स्ट्रलेन तिथेच थांबतं.

बफरचं (निकाल लिहायच्या जागेचं) गणित सोपं आहे, वाईटात वाईट चौपट (बॅकस्लॅश आणि तीन आकडे) अधिक शेवटच्या शून्याचा एक, म्हणजे १०० बाइट्सना ४०१. लॉगमध्ये तेवढी जागा नसते, कापावंच लागतं, आणि आधी मी जिथे बफर संपेल तिथे कापत होतो. एकदा बॅकस्लॅशवरच तुकडा पडला, त्याच्यामुळे पुढचं बंद करणारं कोट एस्केप झालं, आणि लॉग वाचणाऱ्या स्क्रिप्टने पुढची अख्खी ओळ त्याच स्ट्रिंगमध्ये धरली. आता पूर्ण एस्केप मावत असेल तरच लिहितो, नाहीतर त्याच्या आधी थांबतो. मला विचाराल तर ह्या फंक्शनमधली सगळ्यात किमती ओळ हीच.

जेसनसाठी (डेटा देवाणघेवाणीचा एक टेक्स्ट फॉरमॅट) मात्र हे वापरू नका, तिथे ऑक्टल चालतच नाही. ३२ च्या खालच्या बहुतेक कॅरेक्टर्सना बॅकस्लॅश यू आणि चार हेक्स आकडे लागतात, म्हणजे सहापट जागा. त्यासाठी मी दुसरं फंक्शन ठेवलंय.

एक तक्रार अजून आहेच. देवनागरीचं प्रत्येक कॅरेक्टर तीन बाइट्सचं, त्यामुळे लॉगमध्ये एका अक्षराचे बारा बारा चिन्हं होतात आणि मराठी मेसेज डोळ्यांनी वाचताच येत नाही. वैध यूटीएफ-८ तसंच सोडायचा फ्लॅग सध्या लिहितोय.